पाण्याच्या मागावर

भातोडीला जायचं तर अहिल्यानगरातून सूर्य उगवता उगवता निघा. अश्विनातला गारवा अंगाला लागतो, शेतांत बाजरीची कणसं खुडून झालेली असतात, आणि रस्त्याकडेच्या बाभळींवरची जाळी दवाने जड झालेली दिसतात. बुलेट चाळिशीच्या पुढे नेऊ नका. या रस्त्यावर ट्रॅक्टर, दुधाचे कॅन लादलेल्या मोटारसायकली आणि शाळेला निघालेली सायकलवरची पोरं अशी सगळी सोबत असते. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटर गेलात की गाव येतं आणि गावाच्या अंगाला तलाव. बांधावर गाडी स्टँडला लावा. पाऊस चांगला झाला असेल तर पाणी काठोकाठ असेल. इंजिन बंद करा आणि त्याची धडधड कानांतून ओसरेपर्यंत थांबा.

ओसरते तेव्हा साल आहे १६२४.

पाणी असंच तुडुंब आहे. पण तुमच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, त्यांच्या हातांत पहारी, कुदळी आणि टिकाव आहेत, आणि मोठ्याने कुणी बोलत नाही. बांधाच्या खालच्या अंगाला मुघलांची आणि विजापूरच्या आदिलशाहीची फौज एकत्र उतरली आहे: राहुट्या, तोफा, बैल, हत्ती, बाजारबुणगे. या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आहे. पंचाहत्तरीच्या आसपासचा हबशी. पोरवयात आफ्रिकेत गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमधून फिरत दख्खनला पोचलेला. जहांगीर बादशहाला त्याचा इतका संताप होता की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत, असं चित्र त्याने काढून घेतलं. ते फक्त चित्रातच घडलं. अंबरच्या सैन्यात वेरूळचे भोसले बंधूही आहेत, शहाजीराजे आणि शरीफजी.

पहिली पहार बसते. आधी बांधातून बोटभर धार सुटते. तिच्या कडेची माती ओली होऊन ढासळते, धार हातभर रुंद होते, आणि मग कुणाला काही करावं लागत नाही. तुम्ही मागे सरकता, कारण पायाखालची जमीन थरथरते आहे. खालच्या काळ्या रानात पाणी पसरतं. ओल्या काळ्या मातीत बूट घालून चाललेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. घोड्याचा खूर रुततो, तोफेचं चाक आसापर्यंत जातं, दाणापाण्याचे बैल जागेवर बसतात. चिखलात अडकलेल्या त्या फौजेवर अंबर तुटून पडतो. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला जातो, मुघल सरदार कैद होतात. या बाजूने शरीफजी भोसले पडतात.

शेतं भिजवणारं, माणसांची तहान भागवणारं पाणी त्या दिवशी हत्यार झालं. ते अंबरला सुचलं, कारण पाणी कसं वागतं हे त्याला आतून माहीत होतं. कसं ते तुम्हाला सफरीच्या शेवटी कळेल. आज आणि उद्या आपण किल्ले पाहणार आहोत, बागा पाहणार आहोत, पण मागोवा पाण्याचा घ्यायचा आहे. दख्खनच्या पठारावर किल्ल्याला लागणारा दगड पायाखालीच असतो. बागेला लागणारं पाणी मात्र कोसभरावरून, दोन कोसांवरून आणावं लागतं आणि रोज आणावं लागतं. म्हणून मला विचाराल तर इथली राजवट किती खोल रुजली होती हे तिच्या तटापेक्षा तिच्या बागेवरून जास्त कळतं.

गाडी वळवा आणि नगरकडे परत या. वाटेत डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसत राहील. सगळा मुलूख तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. खरं तर ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. त्याच्याच हातची बाग आता पाहायची आहे, फराहबक्ष बाग.

शहराच्या कडेला, लष्करी हद्दीच्या शेजारी, कोरड्या पडलेल्या एका मोठ्या तळ्याच्या मधोमध ती वास्तू उभी आहे. आठ बाजू, दोन मजले, वर घुमट. आता सभोवती गवत आहे, कमानींच्या खोबणींत पारवे घुमतात आणि भिंतींचा गिलावा जागोजागी सुटला आहे. शहाजहानला ताजमहालाची कल्पना इथे सुचली असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्या गोष्टीला मी फार वजन देत नाही. या इमारतीला मोठेपण यायला ताजच्या ओळखीची गरज नाही. कमानीखाली या, जॅकेटची चेन उघडा, दोन मिनिटं सावलीत बसा. भिंतीला पाठ टेकली की थंडावा जाणवतो.

आणि थंडाव्याबरोबर आवाज येतो. पाण्याचा.

१५८३. इमारत नुकतीच पुरी झाली आहे. आधी इथे जे बांधलं होतं ते मुर्तजा निजामशहाच्या मनाला आलं नाही, म्हणून पाडलं आणि सलाबतखानाने नव्याने उभारलं. चुन्याच्या गिलाव्याचा वास अजून गेलेला नाही. तुम्ही बसला आहात तिथून खाली पाहिलं तर चहूबाजूंना तळं आहे आणि तळ्यात हीच आठ बाजूंची इमारत उलटी उभी आहे. पलीकडे वाफे, फळझाडं, सरळ आखलेल्या वाटा. एक माळी खुरप्याने पाटातला गाळ काढतो आहे. तुमची सावली त्याच्या कामावर पडते तसा तो मान वर करतो.

"दादा, जरा अंगाला व्हा. पाणी सोडलंय वरून."

वरून म्हणजे कुठून, हे पाहायला त्याच्या मागे जा. पाट जिथून सुरू होतो तिथे जमिनीतून खापरी नळाचं तोंड बाहेर आलं आहे. हा नळ नीट पाहून घ्या, कारण सगळी सफर त्याच्यावर उभी आहे. भाजलेल्या मातीचा, हातभर लांबीचा तुकडा. एक टोक थोडं निमुळतं, म्हणजे ते पुढच्या तुकड्याच्या तोंडात बसतं. सांध्यावर चुना. असे हजारो तुकडे एकापुढे एक जोडून, भोवती दगडचुन्याचं बांधकाम करून, जमिनीखालून डोंगरापायथ्याच्या झऱ्यांपर्यंत नेलेले. कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांच्या शिवारातून अशा नळांनी नगरात पाणी येत होतं. पंप नाही, चक्र नाही, आहे तो फक्त उतार. उतार जास्त झाला तर पाणी नळ फोडतं, कमी झाला तर गाळ बसतो. ज्या कारागिरांनी हा उतार साधला त्यांची नावं कुठल्या तवारिखेत आली नाहीत. तुम्ही नळाच्या तोंडाशी तळहात धरा. पाणी गार आहे आणि त्याला किंचित मातीची चव आहे.

राजा वर कुठेतरी आहे. लोक त्याला दिवाणा म्हणतात. तो महिनोन् महिने दरबारात येत नाही, बागेत बुद्धिबळ खेळतो आणि राज्य सलाबतखान चालवतो. पाच वर्षांनी, १५८८ मध्ये, त्याचाच मुलगा मिरान हुसेन त्याला हमामखान्यात मारेल. माळ्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याला गाळ काढायचा आहे.

नगरचा किल्ला इथून जवळ, भिंगारच्या बाजूला. तो लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र दाखवावं लागतं, गाडी सांगतील तिथेच लावावी लागते. जवळजवळ गोल आकार, रुंद खंदक, आणि १५५९ नंतर हुसेन निजामशहाने मातीच्या जागी उभारलेला दगडी तट. तटावर चढलात तर एक रात्र तुम्हाला ओलांडावीच लागेल. १५९६ च्या सुरुवातीचे दिवस, शहजादा मुरादच्या मुघल फौजेचा वेढा. सुरुंगाने तटाला भगदाड पडलं आहे, आणि त्या भगदाडात चांदबिबी स्वतः उभी राहून रातोरात भिंत परत उभारून घेते आहे. दगड संपले तेव्हा जे हाताला लागलं ते भरलं. सकाळी मुघलांना समोर पुन्हा तट दिसला. त्या वेळी वऱ्हाड देऊन तह झाला आणि नगर वाचलं. १६०० मध्ये दुसरा वेढा पडला, तेव्हा चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारलं आणि किल्ला गेला.

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. त्याच किल्ल्यातल्या एका लहानशा बागेची तेवढी माहीत नसते. तटावरून खाली उतरा, आतल्या बराकींकडे चला. चौकात ऊन तापलं आहे. तुम्ही ओसरीच्या सावलीत पाय ठेवता आणि १९४४ चा उन्हाळा सुरू झालेला असतो.

'छोडो भारत'चा ठराव झाल्यावर ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत पकडलेले काँग्रेसचे नेते इथे कैदेत आहेत. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आपल्याकडचे शंकरराव देव. आझाद पहाटे उठून स्वतःचा चहा करतात आणि एका मित्राला पत्रं लिहितात, जी धाडता येत नाहीत. त्यांची पत्नी जुलेखा कलकत्त्यात आजारी पडून गेल्या वर्षी वारली. शेवटची भेट झाली नाही. आणि समोर चौकात, डोक्यावर ऊन घेऊन, जवाहरलाल नेहरू माती उकरत आहेत.

ही जमीन बागेची नाही. वरचा थर मुरमाचा, दगडविटांच्या ढिगाऱ्याचा. नेहरूंनी ती खणून वाफे केले आहेत, फुलझाडं लावली आहेत. खणता खणता कुदळ मधूनच खणकन वाजते: खाली जुन्या भिंती आहेत, गाडल्या गेलेल्या इमारतींचे माथे आहेत. एकदा भिंतीच्या अंगावर दगडात कोरलेलं कमळ लागलं. तुम्ही ओणवे होऊन पाहता. पाकळ्यांच्या कडा अजून धारदार आहेत. जास्त खोल खणायला तुरुंगाचे अधिकारी परवानगी देत नाहीत, म्हणून कमळ पाहायचं आणि वाफा पुढे सरकवायचा. या महिन्यांत नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत आहेत, आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी ही माती, ते कमळ आणि चांदबिबीही आणली आहे. भारताच्या भूतकाळावर लिहायला बसलेल्या माणसाच्या हातांना तो भूतकाळ रोज प्रत्यक्ष लागत होता. या किल्ल्यातली मला सर्वांत जवळची वाटणारी जागा तीच.

दुपारी गाडी काढा. संभाजीनगरचा रस्ता घोडेगावावरून नेवासा फाट्याकडे जातो. नेवाशाला वळायचं असेल तर पैस खांबापाशी जरूर जा. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली, आणि तिच्या अखेरीस यादवांच्या रामचंद्र राजाचं नाव येतं. तो राजा देवगिरीवर होता. उद्या तुम्ही त्याच्या गडावर असाल.

हा रस्ता मात्र वेगळ्या वर्षाचा आहे. प्रवरासंगमाच्या अलीकडे ट्रकांची रांग मंदावते, तुम्ही गाडी खालच्या गियरमध्ये आणता, आणि धुळीतून पुढे पाहिलं तर समोर ट्रक नाहीत. उंटांच्या पाठी आहेत, हत्ती आहेत, मशालजी आहेत. साल १७०७. तीन मार्चला भिंगारच्या छावणीत औरंगजेब वारला, आणि त्याचं शव खुल्दाबादला नेलं जात आहे. नव्वदीला टेकलेला म्हातारा. १६८२ च्या आसपास तो मराठ्यांचं राज्य संपवायला दख्खनमध्ये आला, संभाजी महाराजांना त्याने हाल हाल करून मारलं, गडामागून गड घेतले, आणि पंचवीस वर्षांनी जेव्हा मेला तेव्हा मराठे होतेच, उलट नर्मदेपलीकडे धडका देऊ लागले होते. तुम्ही मिरवणुकीच्या कडेने हळूहळू पुढे सरकता. शोकापेक्षा थकवा जास्त दिसतो. ज्या सैनिकांचं अर्धं आयुष्य तंबूत गेलं त्यांच्या चेहऱ्यांवर घरी जायला मिळेल का, एवढाच प्रश्न आहे. गोदावरी ओलांडताना तुम्ही गती वाढवता. पुलावर पुन्हा डिझेलचा धूर, उजवीकडे जायकवाडीच्या फुगवट्याचं पसरलेलं पाणी, आणि पुढे वाळूजच्या कारखान्यांचे दिवे, जिथे आज मोटारसायकली तयार होतात.

रात्री संभाजीनगरला मुक्काम करा, चेनला तेल द्या, टायरची हवा बघा. सकाळी दौलताबादचा गड पंधरा किलोमीटरवर आहे.

पायथ्याशी सीताफळांचे ढीग लागलेले असतात. "घ्या बाळा, झाडावरचं पिकलेलंय," म्हणत मावशी फळ उकलून हातावर ठेवते. घ्या. गड चढायचा तर पोटात गोड काही असावं.

देवगिरी हा किल्ला लढाईने घ्यायचा नाहीच, असं त्याच्या बांधणाऱ्यांनी ठरवलं होतं. डोंगराची खालची बाजू चहूकडून तासून उभी भिंत केली आहे, भोवती कातळातला खंदक, आणि वर जायची वाट डोंगराच्या पोटातून, अंधेरीतून. मोबाइलचा दिवा न लावता पन्नास पावलं जाऊन बघा. पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या आहेत, वाट वळते, पुन्हा वळते, आणि वटवाघळांच्या वासाखेरीज दिशा सांगायला काही नसतं. तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीपुढे रामचंद्र यादवाला वाकावं लागलं. घाईघाईने वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. तट अभेद्य होता; कोठारं तशी नव्हती.

अंधेरीतून बाहेर डोळे मिचकावत या तेव्हा खाली गाव दिसतं. १३४२ च्या सुमाराचं. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणण्याचा घाट घातला त्याला पंधरा वर्षं झाली आहेत. बरेचसे लोक परत गेले आहेत, तरी शहर भरलेलं आहे. तुमच्या पुढे एक मोरोक्कन प्रवासी चालला आहे, इब्न बतूता. त्याला गडावरचे कैदखाने दाखवले जात आहेत आणि तिथल्या उंदरांची गोष्ट तो डोळे विस्फारून ऐकतो आहे: मांजरापेक्षा मोठे, मांजरं त्यांना भिऊन पळतात. ही गोष्ट तो पुढे लिहून ठेवणार आहे. खाली तो तरबाबाद नावाच्या बाजारात जातो आणि तुम्ही मागोमाग जाता. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बाजार. मधोमध घुमटाची बैठक, सतरंज्या अंथरलेल्या. गुरुवारी तिसऱ्या प्रहरानंतर गायकांचा मुखिया तिथे येऊन बसतो आणि सूर्य मावळेपर्यंत एकामागून एक गायिका गातात. फळवाल्यांकडे द्राक्षं आहेत, डाळिंबं आहेत, वर्षातून दोन बहर घेतलेली. इतक्या कोरड्या मुलखात दोन बहर, म्हणजे मळ्यांना बारमाही पाणी होतं. ते कुठून आलं हे गडावर परतून हत्ती हौदाच्या काठावर उभं राहिलात की समजतं: डोंगरांवर पडलेला पाऊस अडवून, वळवून, हौद आणि बारवांत भरून ठेवलेला. गडाच्या प्रचंडपणाने दिपून जाणारे लोक या हौदाशी फारसे थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

वर चिनी महाल आहे, जिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा १६८७ नंतर कैदेत होता. आणि माथ्याजवळ जनार्दनस्वामींची जागा आहे. स्वामी या गडावरचे अधिकारी आणि एकनाथांचे गुरू. नाथांनी रात्रभर जागून हिशेबातली चूक शोधली ती कथा या गडावरची.

दौलताबादहून घाटात निघालात की दिल्ली दरवाजाच्या कमानीखालून एका वेळी एकच मोठं वाहन जातं. बसला वाट द्या. घाट छोटा आहे, वळणं मोकळी आहेत, बुलेटला दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये खेळवत न्या. वर खुल्दाबाद.

इथे जवळजवळच्या अंतरावर कितीतरी राजसत्ता झोपल्या आहेत. कालपासून ज्याच्या मागे आहात तो मलिक अंबर इथे आहे, १६२६ मध्ये वारला. त्याची कबर घुमटाची, भक्कम. तानाशहाही इथेच आहे. आणि काल रस्त्यात ज्याची मिरवणूक दिसली तो औरंगजेब एका दर्ग्याच्या अंगणात, उघड्यावर. त्याच्या थडग्यावर छप्पर नाही. मधल्या मातीत सब्जाचं रोप लावलेलं असतं. ही या सफरीतली सर्वांत लहान बाग, आणि तिला कुणीतरी तांब्याभर पाणी घालतं म्हणून ती हिरवी आहे. शेजारी बनीबेगमची चारबाग आहे, तिच्या कारंज्यांचे हौद बघा आणि परत फिरा.

परतताना बीबी का मकबरा. गर्दी असेल, फोटोवाले असतील. आत शिरण्याआधी दरवाजाशी उभे राहा आणि गर्दी मागे जाऊ द्या. लाकडी दारावर पितळी पत्रा आहे, त्यात ठोकून उठवलेली झाडं आणि फुलं. एका फुलाच्या देठावरून बोट फिरवा. या दारावर बांधणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय, आणि १६६०–६१ चं साल. खापरी नळाच्या कारागिरांना मिळालं नाही ते यांना मिळालं. आझमशहाने आईसाठी हा मकबरा बांधला असं पाट्यांवरही लिहिलेलं असतं, पण तेव्हा आझम आठ वर्षांचा होता. दिलरस बानू १६५७ मध्ये गेली, आणि बांधवून घेणारा तिचा नवरा औरंगजेबच.

बोट अजून पितळेवर आहे आणि मागून बैलांच्या हाकाऱ्यांचा कल्ला येतो. सुरत-गोवळकोंडा मार्गावर फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याला संगमरवराच्या शिळा लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या भेटल्या, सर्वांत लहान गाडीला बारा बैल. त्यातल्या काही आता दारात उभ्या आहेत, जुवाखाली बैल फेसाळले आहेत. एवढं करूनही संगमरवर पुरवूनच वापरला: खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, वर घोटलेला गिलावा. लोक ताजशी तुलना करून याला कमी लेखतात. मी तसं करणार नाही. कारंजी चालू असताना पाण्याच्या सरळ रेषेच्या टोकाला हा पांढरा घुमट ज्याने पाहिला त्याला तुलना आठवणार नाही.

पाणचक्कीपाशी गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तरी थांबा. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी इथे पीठ दळलं जाई. काही किलोमीटरवरून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी भिंतीतून वर चढवलं जातं आणि हौदात कोसळतं, त्या जोरावर चक्कीचं पातं फिरतं. हौदाखाली दालन आहे; डोक्यावर पाणी आणि खाली बसलेली माणसं. उन्हाळ्यात त्या दालनात बसून बघा.

आता शेवटचं वर्ष, १६१७. त्यासाठी हिमायतबागेच्या बाजूने, शहराच्या दिल्ली दरवाजाकडून (घाटातला तो वेगळा) हर्सूलच्या अंगाला निघा. हिमायतबाग मुघलांची, आज तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, आंब्याची जुनी झाडं आहेत. पुढे रस्त्याकडेला, कधी घरांच्या मधे, दगडी बांधणीचे बुटके बंबे दिसू लागतील. एकापाशी थांबा. वाकून तोंडाशी कान लावा.

खालून टिकावाचा आवाज येतो. सात वर्षांपूर्वी अंबरने खडकी नावाच्या खेड्यात राजधानी वसवली, आणि गेल्याच वर्षी मुघलांनी ती जाळली. खाम नदीचं पाणी शहराला पुरत नाही. म्हणून त्याने उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जमिनीच्या पोटातलं पाणी गाठायला खणायला सांगितलं आहे. तुम्ही दोर धरून उतरता. तळाशी ओला मुरूम, घामाचा वास, एक पणती. दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरून नहरीत उतरतं आणि शहराच्या दिशेने चालायला लागतं, उताराच्या भरवशावर, नगरच्या त्या माळ्याच्या नळासारखंच. ठरावीक अंतरावर असे बंबे ठेवले आहेत, हवा खेळायला आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा म्हणून. सात वर्षांनी जो माणूस भातोडीचा बांध फोडणार आहे, तो इथे उभा राहून पाणी जपायला शिकलेला आहे. जे शहर पुढे औरंगाबाद झालं, मुघलांचं दख्खनचं ठाणं झालं, त्यातल्या कितीतरी हौदांना आणि बागांना मुळात या हबशी वजिराच्या नहरीने पाणी पाजलं.

वर या. बंब्याच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या आहेत. आजच्या शहराला पाणी जायकवाडीहून, पंपांनी उचलून आणावं लागतं, आणि कित्येक वस्त्यांत नळ काही दिवसांआड येत आला आहे. त्याच वेळी नहरीच्या काही भागांत अजून पाणी आहे. तिचे बंबे रस्ता रुंद करताना बुजतात, घरांच्या पायांत जातात. मकबऱ्याच्या भिंतीवर कुणी नाव कोरलं तर आपण चिडतो, आणि चिडावंच. पण बंबा बुजला की जमिनीखालचा सगळा पुढचा रस्ता आंधळा होतो, आणि त्याची तक्रार करायला कुणी जात नाही. प्रत्येक बंब्यापाशी एक पाटी आणि वर एक लोखंडी जाळी, एवढं तर आजही करता येईल.

पिशव्या काढून बाजूला टाका. पुढचा बंबा हर्सूलच्या रस्त्यावर आहे आणि उजेड अजून तासभर टिकेल. किक मारा.